तह झाल्यावर मेलेली माणसं

आजी गेल्यानंतर तिला दोन पत्रं आली. दोन्ही भाऊकाकांची. काका तेव्हा मालवाहू जहाजावर नोकरीला होते आणि जहाज कुठल्या समुद्रात आहे ते आम्हाला नकाशात बोट फिरवून फिरवून शोधावं लागायचं. वडिलांनी मुंबईच्या कचेरीत कळवलं होतं, पण ती बातमी काकांपर्यंत पोचायला सव्वीस दिवस गेले. तेवढ्यात ही दोन पत्रं वेंगुर्ल्याला येऊन पडली. निळसर पातळ कागद, कडेला घडीवर चिकटवलेला. 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.' आणि मग खाली, गुडघ्याला तेल लावतेस ना, रात्री परसात एकटी जाऊ नकोस, पुढच्या खेपेला तुला चांगलं घोंगडं आणतो.

वडिलांनी ती पत्रं नेहमीसारखी मोठ्यानं वाचली, आजीच्या रिकाम्या खाटेशी बसून. मी आठ वर्षांची होते. घोंगड्याच्या ओळीपाशी त्यांचा आवाज बसला तो आजही कानात आहे. एका ठिकाणी माणूस गेलेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी, त्याच क्षणी, ते अजून जिवंत असतं. त्या सव्वीस दिवसांत काकांनी आईसाठी घोंगडं घेतलंसुद्धा.

अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातल्या १८१२ च्या युद्धाबद्दल मी गेली दोनेक वर्षं मिळेल ते वाचते आहे. त्या वाचनात दर चार पानांमागे मला ती खाट दिसते. कारण हे युद्ध सुरुवातीपासून शेवटापर्यंत उशिरा पोचलेल्या पत्रांचं आहे.

त्याच्याकडे मी वळले तीही काकांमुळेच. मुलगी बाल्टिमोरला राहायला गेली आणि मी तिच्याकडे निघाले तेव्हा काकांनी फोनवर बजावून सांगितलं होतं, की तिथला तो किल्ला बघच. अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्या जहाजावर लिहिलं गेलं ते 'मिंडन' आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं, वाडियांनी, आपल्या सागवानाचं. ही गोष्ट मुंबईत पुष्कळांनी ऐकलेली आहे. गोदीत काम केलेल्या माणसांच्या तोंडून तर हमखास ऐकू येते, आणि सांगताना त्यांची मान थोडी ताठ होते.

फोर्ट मॅकहेन्री हा बंदराच्या तोंडाशी बसलेला विटांचा पाच टोकांचा किल्ला आहे. आपल्या सिंधुदुर्गाच्या मानानं बुटका, पण पाण्याकडे तोंड करून तसाच रोखून बसलेला. तिथे वारा बेताचा असला तर आलेल्या लोकांना बोलावून झेंडा उलगडायला आणि घडी करायला लावतात. मूळ झेंड्याच्या मापाचा, ३० फूट बाय ४२ फूट. आम्ही अनोळखी माणसं दोन्ही बाजूंनी रांगेत उभे राहिलो आणि एकेकाच्या हातावर कापड येत गेलं. एकेक पट्टा दोन फूट रुंद. एक चांदणी माझ्या दोन्ही पंजांत मावेना. शेजारी एक लहान मुलगा होता, तो झेंड्याखाली शिरायला बघत होता आणि त्याची आई त्याला मागे ओढत होती. कापड जमिनीला लागू द्यायचं नाही, एवढीच सूचना होती. आम्ही सगळे ती इतक्या काळजीनं पाळत होतो की कुणी बोलेना.

मूळ झेंडा मेरी पिकर्सगिल नावाच्या बाईनं १८१३ च्या उन्हाळ्यात शिवला. मुलगी, भाच्या आणि ग्रेस विशर नावाची, करारानं बांधलेली एक काळी मुलगी हाताशी होती. घरात एवढं कापड पसरायला जागा नव्हती म्हणून जवळच्या दारूभट्टीच्या जमिनीवर पसरून त्याचे पट्टे जोडले. शिलाई-कापडाचे मिळून ४०५ डॉलर ९० सेंट झाले, त्याची पावती शिल्लक आहे. १३ सप्टेंबर १८१४ च्या सकाळी इंग्रजी आरमारानं किल्ल्यावर तोफगोळे टाकायला सुरुवात केली. पंचवीस तास मारा चालला. फ्रान्सिस स्कॉट की नावाचा वकील एका कैद्याला सोडवायला इंग्रजांकडे गेला होता, त्याला लढाई संपेपर्यंत परत जाऊ दिलं नाही. पहाटे झेंडा अजून फडकतोय हे त्यानं पाण्यावरून पाहिलं आणि पुढे राष्ट्रगीत झालेली ती कविता लिहिली.

पण तो होता पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर. 'मिंडन' त्या ताफ्यातच नव्हतं. ते १८१० साली मुंबईत पाण्यात उतरलं आणि पुढच्या वर्षी जावा बेट डचांकडून घेताना इंग्रजांच्या मोहिमेत होतं. काम त्याचं पूर्वेकडच्या समुद्रात. हे मी किल्ल्यातच विचारून घेतलं, मग घरी येऊन पुन्हा तपासलं. काकांना कसं सांगायचं हा विचार मला परतीच्या विमानात चौदा तास पुरला.

आता त्या युद्धाकडे येते.

भांडणाची मुळं समुद्रावर होती. इंग्लंड नेपोलियनशी लढत होतं आणि त्याला खलाशी पुरत नव्हते. म्हणून इंग्रजी युद्धनौका अमेरिकन जहाजं भर समुद्रात थांबवायच्या, माणसं रांगेत उभी करायच्या आणि 'हा आमचा पळालेला' म्हणून उचलून न्यायच्या. अशी हजारो माणसं नेली. १८०७ साली तर 'लेपर्ड' या इंग्रजी जहाजानं 'चेसापीक' या अमेरिकन युद्धनौकेवर तोफा डागून तीन जण मारले आणि चौघांना उतरवून घेतलं. त्याच्या जोडीला इंग्लंडचे व्यापारबंदीचे हुकूम होते, ज्यांनी अमेरिकन जहाजांना युरोपशी व्यापार करणं अवघड करून टाकलं होतं. पश्चिमेकडच्या अमेरिकन पुढाऱ्यांना मात्र कॅनडाची आणि मूळ रहिवाशांच्या जमिनींची ओढ होती, आणि माझ्या मते ही ओढ समुद्रावरच्या अपमानाइतकीच जोरकस होती. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या न्यू इंग्लंडमधल्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांना, म्हणजे ज्यांची जहाजं अडवली जात होती त्यांनाच, युद्ध नको होतं. अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात ७९ विरुद्ध ४९ आणि वरच्या सभागृहात १९ विरुद्ध १३ अशा मतांनी ठराव झाला. १८ जून १८१२ ला राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी सही केली.

त्याच आठवड्यात लंडनमध्ये काय चाललं होतं बघा. पंतप्रधान पर्सिव्हल यांचा मे महिन्यात संसदेच्या दारातच गोळी घालून खून झाला होता. नवं सरकार आलं आणि १६ जूनला त्यानं व्यापारबंदीचे ते हुकूम मागे घेत असल्याचं जाहीर केलं. २३ जूनला रीतसर मागे घेतलेही. म्हणजे सही झाली तेव्हा भांडणाचं अर्धं कारण दोन दिवसांपूर्वीच गळून पडलेलं होतं आणि ती बातमी अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर जहाजात चढायची होती. माणसं उचलून नेण्याचा प्रश्न उरला असता हे खरं. पण तेवढ्यावर मतं पडली असती का, असं मनात येतंच.

आणि मग युद्ध पुकारल्याची बातमी. ती स्वतःच्याच सेनापतीला उशिरा मिळाली. जनरल विल्यम हल डेट्रॉइटच्या वाटेवर होता. वॉशिंग्टनहून त्याला युद्धाची खबर साध्या टपालानं पाठवली. त्याला काहीच माहीत नसल्यानं त्यानं सामान, आजारी माणसं आणि स्वतःच्या कागदांची पेटी एका छोट्या जहाजात घालून पुढे धाडली. इंग्रजांना मात्र बातमी आधीच कळली होती. २ जुलैला त्यांनी ते जहाज आरामात धरलं आणि हलच्या सैन्याची हजेरी, त्याला आलेले हुकूम, सगळं त्यांच्या हातात पडलं. मॅकिनॉ बेटावरच्या अमेरिकन किल्ल्याची तर आणखी वाईट गत. १७ जुलैला सकाळी तिथले शिपाई उठले तर वरच्या टेकाडावर इंग्रजांची तोफ आणि खाली मूळ रहिवाशांची शेकडो माणसं. युद्ध सुरू आहे हे त्यांना तेव्हा कळलं. लढाई न होताच किल्ला गेला.

महिन्याभरानं, १६ ऑगस्टला, हलनं डेट्रॉइटही देऊन टाकलं. समोर इंग्रज सेनापती ब्रॉक आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून शॉनी जमातीचा टेकमसे. हलला पुढे लष्करी न्यायालयानं देहदंड सांगितला आणि जुन्या स्वातंत्र्ययुद्धातल्या कामगिरीकडे बघून मॅडिसननी तो माफ केला. मला हलची दया येते. लोकांनी त्याला भित्रा ठरवलं, ठीक आहे, पण ज्या माणसाला त्याचं स्वतःचं सरकार साध्या टपालानं युद्ध कळवतं त्यानं किती शूर व्हायचं?

पुढची दोन वर्षं नायगाराच्या आसपास इकडून तिकडे रेटारेटीत गेली. ब्रॉक ऑक्टोबर १८१२ मध्ये क्वीन्स्टन हाइट्सला पडला. अमेरिकनांनी यॉर्कच्या, म्हणजे आजच्या टोरांटोच्या, सरकारी इमारती जाळल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन जाळलं. राष्ट्राध्यक्षांच्या घरात मांडलेलं जेवण आधी जेवून घेतलं आणि मग आग लावली, हे सगळीकडे चवीनं सांगितलं जातं. समुद्रावर अमेरिकन 'कॉन्स्टिट्यूशन'नं इंग्रजांच्या 'गेरिएर'ला हरवलं आणि आपलं आरमार आहे हे अमेरिकनांना पहिल्यांदा पटलं. ईरी सरोवर अमेरिकन आरमाराच्या पेरीनं जिंकलं. इथवरच्या लढायांची यादी कुठल्याही पुस्तकात मिळेल.

टेकमसेपाशी मात्र थांबायला हवं. वेगवेगळ्या जमातींना एकत्र बांधून त्यांची सलग भूमी राखायची, एकट्यादुकट्या जमातीला जमीन विकायचा हक्कच नाही, असं तो सांगत गावोगाव फिरला होता. इंग्रजांशी त्याची दोस्ती त्यासाठी होती. ५ ऑक्टोबर १८१३ ला थेम्स नदीकाठी, कॅनडातल्या, इंग्रजांची फळी पहिल्या धडकेत मोडली, त्यांचा सेनापती निघून गेला आणि टेकमसे आपल्या माणसांबरोबर तिथेच लढत मेला. दक्षिणेत पुढच्या मार्चमध्ये हॉर्सशू बेंडला क्रीक जमातीच्या आठशेवर माणसांची कत्तल झाली आणि त्यानंतरच्या करारात २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. त्यात अमेरिकनांच्या बाजूनं लढलेल्या क्रीक लोकांचीही जमीन होती. या युद्धात कोण जिंकलं याच्यावर अमेरिकन आणि कॅनडियन अजून वाद घालतात. कोण हरलं याबद्दल वाद घालायला जागाच नाही.

डिसेंबर १८१४ मध्ये घेंट या गावात, आजच्या बेल्जियममध्ये, तह झाला. इंग्रज आधी बरीच जमीन मागत होते. वेलिंग्टनला अमेरिकेत जायला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की सरोवरांवर ताबा नसताना जमीन मागायचा तुम्हाला हक्क पोचत नाही. हा वेलिंग्टन म्हणजे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला वेलस्लीच. २४ डिसेंबरला सह्या झाल्या. ज्यानं जे घेतलं ते परत करायचं, सीमा होती तिथेच. माणसं उचलून नेण्याबद्दल तहात एक शब्द नाही, कारण नेपोलियन हरल्यावर तशी गरजच राहिली नव्हती.

सह्या झाल्या, पण कागद अजून अटलांटिकच्या अलीकडे होता. तो पलीकडे जाईपर्यंत, ८ जानेवारी १८१५ ला, न्यू ऑर्लिन्सच्या बाहेर धुकं विरताना इंग्रजी फौज मोकळ्या रानातून मातीच्या तटबंदीवर चालून गेली. अर्ध्या तासाच्या आत जवळजवळ दोन हजार माणसं मेली, घायाळ झाली किंवा पकडली गेली. त्यांचा सेनापती पेकनहॅम मेला, वेलिंग्टनचा मेहुणा. तहाचं जहाज न्यूयॉर्कला लागलं ११ फेब्रुवारीला. १६ तारखेला अमेरिकी सिनेटनं एकमतानं तो मंजूर केला, १७ ला कागदांची अदलाबदल झाली. त्यानंतर चार दिवसांनी मोबील गावात अमेरिकन सेनापती जनरल जॅक्सनच्या हुकुमानं टेनेसीच्या सहा शिपायांना बंडखोरीबद्दल गोळ्या घातल्या. आपली मुदत संपली असं समजून घराकडे निघालेली माणसं होती ती. युद्ध संपलं आहे हे गोळ्या घालणाऱ्यांना ठाऊक नव्हतं आणि ज्यांना घातल्या त्यांनाही.

तह लिहिणाऱ्यांना हे सगळं कळत होतं, म्हणून मला तहातलं दुसरं कलम फार आवडतं. बातमी किती वेगानं प्रवास करते याचं ते कोष्टकच आहे. मंजुरीनंतर अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ बारा दिवसांनी लढाई बंद. उत्तर अटलांटिकच्या इतर भागांत तीस दिवसांनी. भूमध्य समुद्रात चाळीस. विषुववृत्ताच्या खाली केप ऑफ गुड होपपर्यंत साठ. दक्षिणेकडच्या बाकी जगात नव्वद. आणि उरलेल्या साऱ्या पृथ्वीवर एकशेवीस दिवसांनी. त्यानंतर पकडलेलं जहाज परत करायचं. शांतता अशी लाटेसारखी पसरत जाणार, आणि लाट पोचेपर्यंत मारणं कायदेशीर.

त्या कोष्टकाच्या टोकाला मला मुंबई सापडली.

अमेरिकेची 'पीकॉक' आणि 'हॉर्नेट' ही जहाजं जानेवारीच्या अखेरीस न्यूयॉर्कहून निघाली होती, हिंदी महासागरात इंग्रजी व्यापार लुटायला. एप्रिलमध्ये दोघांना दूर एक मोठं जहाज दिसलं. मालाचं असेल म्हणून जवळ गेली तर ती ७४ तोफांची 'कॉर्नवॉलिस'. १८१३ साली मुंबईच्या गोदीत बांधलेली, सागवानाची, खरीखुरी मुंबईची. 'पीकॉक' निसटली. 'हॉर्नेट'च्या मागे ती तीन दिवस लागली आणि 'हॉर्नेट'नं नांगर, होड्या, जवळजवळ सगळ्या तोफा पाण्यात फेकून कसाबसा जीव वाचवला. काकांसाठी मी ही गोष्ट जपून ठेवली होती. राष्ट्रगीताऐवजी हे सांगायचं.

पण एकटी 'पीकॉक' पुढे आली. ३० जून १८१५, सुंदाची सामुद्रधुनी, एका बाजूला जावा आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा. अँजेर या छोट्या बंदराजवळ तिला 'नॉटिलस' भेटली. ही कंपनी सरकारच्या मुंबई आरमाराची, ज्याला बॉम्बे मरीन म्हणत त्याची, छोटी गलबतवजा युद्धनौका. बंगालकडे टपाल आणि काही आजारी माणसं घेऊन निघालेली. तिच्या चौदा लहान तोफा, 'पीकॉक'च्या बावीस, आणि बऱ्याच मोठ्या. 'नॉटिलस'चा कप्तान लेफ्टनंट चार्ल्स बॉइस यानं ओरडून विचारलं, तह झाला आहे हे तुम्हाला माहीत आहे का? 'पीकॉक'चा कप्तान वॉरिंग्टन म्हणाला, तसं असेल तर खात्री म्हणून झेंडा उतरवा. बॉइसनं नकार दिला. बंदराचे अधिकारी आधीच होडीतून 'पीकॉक'वर जाऊन पोचले होते. त्यांनी काय सांगितलं आणि त्यांना बोलू दिलं की नाही, याबद्दल दोन्हीकडचे जबाब जुळत नाहीत. मग तोफा सुटल्या. पंधरा मिनिटांच्या आत झेंडा उतरला.

बॉइसचा गुडघा गोळ्यानं पार चुरला, पाय कापावा लागला. पहिला लेफ्टनंट मेस्टन पुढे जखमांनी गेला. जागच्या जागी सहा माणसं मेली. त्यांत दोन आजारी गोरे होते, जे बिचारे लढायला आलेच नव्हते. आणि तीन लास्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी. जखमींत आणखी लास्कर. अधिकाऱ्यांची नावं वृत्तांतात आहेत, कुठे लागलं, किती खोल, तेही आहे. लास्करांचा आकडा आहे.

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस मोजले. १७ फेब्रुवारीपासून नव्वद दिवस, १८ मे. एकशेवीस धरले तर १७ जून. ३० जून म्हणजे सर्वांत लांबची मुदत संपूनही तेरा दिवस. दुसऱ्या दिवशी वॉरिंग्टनची खात्री पटली आणि त्यानं जहाज परत केलं. त्या युद्धातली समुद्रावरची शेवटची लढाई ती. झेंड्याचा मान दोघांनीही राखला, आणि मला दोघांचाही राग येतो, अजून येतो. एकानं एक मिनिट झेंडा खाली घ्यायचा होता. दुसऱ्यानं एक रात्र थांबायचं होतं.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला गेले तेव्हा काकांना सगळं सांगितलं. ते आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ओटीवर आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसले होते, कोकमाचं सरबत हातात तसंच. 'मिंडन'चं सांगितलं तेव्हा नुसतं 'बरां' म्हणाले. 'कॉर्नवॉलिस'चं ऐकून थोडे हसले. सुंदाच्या सामुद्रधुनीतून ते स्वतः कितीदा तरी गेलेले, तिथल्या पाण्याची ओढ कशी असते ते मला हातानं दाखवलं.

'नॉटिलस'चं संपेपर्यंत मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि त्या तिघांच्या घराक कोणी कळवल्यानी?"

मी काही बोलले नाही. ते मनाशी हिशोब करायला लागले, खलाशी करतो तसा, वाऱ्याचा आणि महिन्यांचा. जूनअखेर म्हणजे इकडे पावसाळा लागलेला. जहाज जाणार बंगालला. तिथून खबर मुंबईत यायची तर समोरून नैऋत्येचा वारा. मुंबईहून पुढे किनाऱ्याला यायची तर पावसात गलबतं ओढून वर ठेवलेली, दर्या बंद.

"ऑगस्टात सुदीक पोचाक नसतली," ते म्हणाले. "नारळी पुनवेक घरच्यांनी त्येंच्या नावान नारळ सोडलो आसतलो."

सरबताचा पेला त्यांनी खाली ठेवला. मग उठून आत गेले. जरा वेळानं देवघरातल्या जुन्या ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला.